तिचं ताट, माझी पावलं

पहाटे साडेचारच्या सुमारास मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक कॅब थांबते. गुडगावच्या कार्यालयातली अमेरिकन वेळेची पाळी संपवून माझी मैत्रीण घरी येते. थोड्या वेळाने समोरच्या इमारतीत तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो आणि बराच वेळ तसाच राहतो. ती तेव्हा काय खाते हे मला ठाऊक आहे, कारण तिनेच सांगितलंय. आधी फ्रीजमध्ये असेल ते, उभ्याउभ्याच. मग बिस्किटांचा पुडा, मग फरसाण. महिनाअखेर असेल, कामाचं टार्गेट डोक्यावर असेल, तर फोनवरून मागवलेलं काहीतरी गरम. पोट केव्हाच भरलेलं असतं, तरी हात थांबत नाही.

त्याच वेळी माझा गजर वाजतो. दोन वर्षांपूर्वी माझं एचबीए१सी ६.१ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात या उंबरठ्यावर सुमारे १३.६ कोटी लोक आहेत, त्यांतली मी एक. संजय लेकभोवती चालायला सुरुवात केली, हळूहळू अंग हलकं झालं, जिने चढताना लागणारी धाप थांबली. तिच्या आणि माझ्यात मात्र काहीतरी बिघडलं. ती अमरावतीची, मी साताऱ्याची. दिल्लीत आमची मैत्री जमली ती खाण्यावरच. रविवारी पहाडगंजला जाऊन छोले-भटुरे खायचे, हा आमचा सण होता. मी भटुरा अर्धा टाकून उठायला लागले, तेव्हा तिला वाटलं मी तिच्यापासूनच उठले. मी आधी तिला उपदेश केला. तिचा चेहरा उतरलेला पाहून मग माझं चालणंच तिच्यापासून लपवायला लागले. दोन्ही चुकलं.

स्वतःची तब्येत सुधारताना, मन निववण्यासाठी खाणाऱ्या जिवलग माणसाशी कसं वागायचं? या प्रश्नावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. ते एकमेकांपासून लांबच्या कप्प्यांत पडलंय: काही मानसशास्त्रात, काही हार्मोनांच्या अभ्यासात, काही समाजशास्त्रात. दिल्लीत राहणाऱ्या मराठी बाईच्या नजरेतून ते एकत्र पाहायचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात शब्दांपासून करायला हवी, कारण मराठीत इथेच अडतं. जास्त खाणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे शब्दांची टंचाई नाही: खादाड, अधाशी, हावरट, खाबू. सारखं खावंसं वाटलं की ‘खा-खा सुटली’ म्हणतो, आणि येताजाता तोंड हलवणाऱ्याला ‘चरतोय’ म्हणून थेट गुराढोरांत नेऊन बसवतो. एकही शब्द विचारत नाही की बाई, तुला झालंय काय? ‘भस्म्या’ हा एकच शब्द त्यातल्या त्यात रोग्याची बाजू घेतो, पण तो पोटातल्या आगीबद्दल आहे, मनाबद्दल नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांबद्दल आहे. त्यात लठ्ठपणाच्या कारणांत जड-गोड आहार, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं आणि ‘बीजस्वभाव’, म्हणजे आनुवंशिकता, हे सगळं आहे. शिवाय सतत आनंदात असणं आणि कसलीच चिंता नसणं हीही कारणं दिली आहेत. ज्या काळात पोटभर मिळणं हेच सुख होतं, त्या काळाचं ते निरीक्षण. चिंतेने माणूस वाळतो, ही आपली समजूत तिथपासून चालत आली असावी. चिंतेने माणूस फुगतोही, हे पटायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

हिल्डे ब्रुख या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मांडलं की काही माणसांना भूक आणि अस्वस्थता यांतला फरक लहानपणापासूनच नीट ओळखता येत नाही. मूल कशासाठीही रडलं तरी तोंडात खाऊच दिला गेला, तर त्याला दुसरी भाषा येणार कशी? १९५९ साली अल्बर्ट स्टंकार्ड यांनी काही लठ्ठ रुग्णांमध्ये दिसणाऱ्या, ताबा सुटून अचानक भरमसाट खाण्याच्या प्रकाराचं वर्णन केलं. त्याआधी १९५५ मध्ये त्यांनीच रात्री उशिरा खाण्याच्या विकाराची नोंद केली होती. ताबा सुटून खाण्याचा तो प्रकार मान्यताप्राप्त आजार म्हणून स्वतंत्रपणे मानसिक आजारांच्या यादीत यायला २०१३ साल उजाडलं. तोपर्यंत अशी सगळी माणसं खादाडच होती.

आता मुख्य प्रश्न. मन निववण्यासाठी खाल्लं तर मन निवतं का?

उत्तर सरळ नाही. २००३ साली मेरी डॉलमन आणि त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं की दीर्घकाळ ताण असला की शरीरातलं कॉर्टिसॉलसारखं द्रव्य गोड-तेलकटाची ओढ वाढवतं, ते अन्न पोटाभोवती चरबी म्हणून साठतं, आणि मेंदूतली ताणाची यंत्रणा त्यामुळे खरोखरच थोडी शांत होते. म्हणजे या खाण्याला शरीराचं स्वतःचं गणित आहे. तो नुसता दुबळेपणा नव्हे. ऑलिव्हर, वॉर्डल आणि गिब्सन यांनी २००० साली ६८ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. काही जणांना सांगितलं की जेवणानंतर भाषण करायचंय. ताण आला म्हणून सगळ्यांनीच जास्त खाल्लं असं झालं नाही. पण जी माणसं एरवीही भावनेच्या भरात खाणारी होती, त्यांनी ताणात गोड आणि स्निग्ध पदार्थ जास्त घेतले. एकाच बातमीने एकाची भूक मरते आणि दुसऱ्याची चाळवते, हे घरोघरी दिसतंच.

पण २०१४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासाने एक धक्का दिला. लोकांना उदास करणारी चित्रफीत दाखवली आणि नंतर कुणाला त्याचा आवडता ‘जिवाला बरं वाटणारा’ पदार्थ दिला, कुणाला आवडीचाच पण दुसरा, कुणाला साधासा, कुणाला काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचंच मन सावरलं आणि जवळजवळ सारखंच सावरलं. ज्यांनी काही खाल्लं नाही, त्यांचंही. म्हणजे जी उभारी आपण गुलाबजामाच्या नावावर जमा करतो, ती बरीचशी काळाची असते.

हे वाचून मी उत्साहाने मैत्रिणीला सांगायला गेले. बरं झालं, सांगण्याआधी दुसरा एक अभ्यास हाती आला. त्रोइसी आणि गेब्रिएल यांनी २०११ साली दाखवलं की अशा पदार्थांची ताकद चवीत कमी आणि नात्यात जास्त असते. जो पदार्थ आपल्याला कुणीतरी मायेने करून घातलेला असतो, त्याची नुसती आठवण काढून त्याबद्दल लिहिलं तरी एकटेपणाची टोच कमी होऊ शकते. निदान ज्यांना जवळच्या माणसांचा भरवसा वाटतो त्यांची तरी.

माझ्या मते या सगळ्या आढाव्यातला हा सर्वांत मोलाचा धागा आहे, आणि दिल्लीतल्या मराठी माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात साबुदाण्याची खिचडी खायला माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाहून मेट्रोने येतात. ओल्ड राजेंद्र नगरमध्ये आणि मुखर्जी नगरमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी खोल्या घेऊन राहिलेली लातूर-बीड-धुळ्याची मुलं पाहा. लाखो उमेदवार अर्ज करतात, २०२४ च्या परीक्षेतून शेवटी १,००९ जणांची शिफारस झाली. बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं? डब्यातली तीच आलू-गोभी, अंधारी खोली, घरून येणारा ‘कसा चाललाय अभ्यास’ हा फोन, आणि रात्री अकराला कोपऱ्यावरचे मोमो. त्या मोमोंची भूक पोटाची नसते, हे त्या मुलांनाही माहीत असतं. पण तिथे गाडीवाला ओळखतो, ‘भैया, तीखी चटणी ज्यादा’ म्हटलं की हसतो. दिवसभरात झालेलं तेवढंच बोलणं असतं. माझ्या मैत्रिणीच्या साडेचारच्या दिव्यालाही याच खात्यात टाकायला हवं. त्या वेळी जागं असलेलं, तिच्याशी बोलणारं, असं घरात काहीच नसतं. फ्रीज तेवढा असतो.

तिच्या बाबतीत मनाइतकाच दोष घड्याळाचाही आहे. २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तातलं पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे वाढली. ही दोन रात्रींची गोष्ट. गुडगाव आणि नोएडातल्या काचेच्या इमारतींत हजारो मुलं-मुली वर्षानुवर्षं रात्रीचा दिवस करतात. शिवाय जो धंदा त्यांच्या दारात दहा मिनिटांत आइस्क्रीम आणून देतो तोही याच मातीतला. झोमॅटो २००८ साली ‘फूडीबे’ नावाने इथे सुरू झाली, ग्रोफर्सचं नाव बदलून ब्लिंकिट झालं ते २०२१ मध्ये, आणि दोन्हींची मुख्यालयं गुडगावातच. पूर्वी रात्री खा-खा सुटली तर डबे उघडून चिवडा संपेपर्यंतच मजल जायची. दुकान बंद असणं हीसुद्धा एक आडकाठी होती, आणि ती आता उरलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आढळलं. दिल्लीत हे प्रमाण ४१.३ टक्के होतं आणि पुरुषांत ३८ टक्के. ही मोजणी बीएमआय २५ पासून पुढची. भारतीयांसाठी २००९ साली ठरलेली रेषा याहून कडक आहे: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा, कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत. ती का कडक आहे याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण वरून बारीक, आतून चरबीवाले. माझ्या मैत्रिणीकडे पाहून लोक नाक मुरडायचे आणि मला ‘किती छान आहेस’ म्हणायचे, त्याच दिवसांत साखर माझी वाढलेली होती, तिची नव्हती. वजनकाट्यावरचा माझा विश्वास उडाला तो तेव्हा.

मित्रांमुळे माणूस जाड होतो का? २००७ साली निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची माहिती तपासली. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर त्या व्यक्तीचीही तसं होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. शेजारी लठ्ठ झाला तर काही फरक पडत नव्हता. मित्र दूरच्या गावी असला तरी पडत होता. जगभर मथळे झळकले की लठ्ठपणा संसर्गजन्य आहे. मला हे मथळे क्रूर वाटतात; त्यांनी कित्येक माणसांना मैत्रिणींच्या पंगतीतून उठवलं असेल. संशोधकांचं त्यावर एकमतही नव्हतं. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी अशाच पद्धतीने मुरूम, डोकेदुखी आणि चक्क उंचीदेखील मित्रांमुळे ‘पसरते’ असं दाखवून दिलं. सारख्या सवयीची माणसं मुळातच जवळ येतात, एकाच प्रकारच्या नोकऱ्या करतात, एकाच गल्लीत खातात. कुणी कुणाला काय लावलं हे अशा आकड्यांतून वेगळं काढणं फार अवघड. त्या ५७ टक्क्यांच्या भीतीने मैत्री तोडावी इतका तो आकडा पक्का नाही.

मैत्रीने उभारी येते याचा पुरावा मात्र जास्त सरळ आहे. १९९९ साली विंग आणि जेफ्री यांनी १६६ लोकांना वजन घटवण्याच्या कार्यक्रमात घेतलं, काहींना एकटं, काहींना तीन मित्र-नातेवाइकांसह. एकट्याने आलेल्या आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला आणि २४ टक्क्यांनी उतरवलेलं वजन पुढचे सहा महिने पुरतं टिकवलं. मित्रांबरोबर आलेल्या आणि एकमेकांना आधार द्यायला शिकवलेल्या गटात हेच आकडे ९५ आणि ६६ होते. फरक मोठा आहे. पण लक्षात घ्या, ती माणसं स्वतःहून आली होती, बरोबरीने आली होती. एकीने दुसरीला ओढून आणलेलं नव्हतं.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाच्या गृहिणीने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि आपण बिस्किटं लपवून कशी खातो ते सांगितलं. त्याही सांगायला लागल्या. यातूनच १९६३ साली ‘वेट वॉचर्स’ ही प्रचंड कंपनी उभी राहिली. पुढे तिथे वजनकाटे आले, गुण आले, वर्गणी आली. मूळ गोष्ट मात्र इतकीच होती की सात बायका एका खोलीत बसून खरं बोलल्या.

टोकाटोकीचं काय? आपल्याकडे ते मायेचंच रूप मानलं जातं. ‘किती सुटली आहेस गं’ हे वाक्य लग्नमंडपात नमस्काराच्या जागी वापरलं जातं. पुरावा त्याच्या पूर्ण विरोधात आहे. अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांना २००६ पासून चार वर्षं पाहिल्यावर सुटिन आणि तेराचियानो यांना २०१३ मध्ये दिसलं की वजनावरून हिणवलं गेल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यातल्या आधी लठ्ठ नसलेल्यांची पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीचपट होती. इंग्लंडमधल्या २०१४ च्या अभ्यासातही कल तोच दिसला: हिणवलेल्यांचं वजन वाढलं, इतरांचं किंचित घटलं. लाजेने माणूस खाणं थांबवत नाही, दार लावून खातो.

याच्याच जोडीला एक छोटा, पण मला फार भावलेला प्रयोग. ॲडम्स आणि लिअरी यांनी २००७ साली डाएट करणाऱ्या मुलींना डोनट खायला लावला. काहींना त्यानंतर एवढंच म्हटलं की असं सगळ्यांचंच होतं, स्वतःला फार बोल लावू नका. पुढे गोळ्या-चॉकलेटं चाखायला दिली, तेव्हा ज्यांना हा मायेचा शब्द मिळाला होता त्यांनी कमी खाल्ली. याची उलट बाजू १९७५ सालीच हर्मन आणि मॅक यांनी दाखवली होती. खाण्यावर सतत कडक पहारा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर आइस्क्रीम ते जास्तच खात. आता मोडलंच आहे, तर मोडू दे! आपल्या आजीला हा प्रयोग करायची गरज नव्हती. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून ती मोकळी झाली होती.

म्हणूनच महाराष्ट्रात गाजलेल्या आहारपद्धतींकडे या मैत्रिणीच्या बाजूने पाहायला हवं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लोकप्रिय केलेली पद्धत म्हणजे दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही. ऋजुता दिवेकर सांगतात की थोड्या-थोड्या वेळाने खा, तूप सोडू नका, आजीच्या स्वयंपाकाकडे परत जा. या दोन गटांत घराघरांत वाद झाले. पण तो वाद पोटाबद्दलचा आहे. जिचं खाणं मनातून सुटतं, तिच्यासाठी दोन जेवणांमधला कडक रिकामा काळ हा बांध फुटण्याची वाट पाहणारा काळ ठरू शकतो, अशी मला भीती वाटते. दिवेकरांचं वेळच्या वेळी साधं घरचं खाणं तिला जास्त मानवेल, हा माझा कौल. तो सगळ्यांसाठी नाही, तिच्यासाठी.

चालण्या-पळण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले निम्मे प्रौढ तेवढंही हलत नाहीत, आणि स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आहे. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, हेही आता सर्वमान्य आहे. साखर, रक्तदाब, झोप आणि मन मात्र सुधारतात, काटा हलला नाही तरी. मैत्रिणीला हे कळल्यावर तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. चालायचं ते बारीक होण्यासाठी नाही, एवढं कळल्यावर ती चालायला तयार झाली.

दिल्लीत चालणं हाही एक मोठा प्रश्न आहे. लोदी गार्डनच्या वाटा सुंदर आहेत, गुडगावात १७ नोव्हेंबर २०१३ पासून रविवारी सकाळी गाड्या बंद ठेवून ‘राहगिरी’ सुरू झाली, संजय लेकच्या नावाचं मेट्रो स्थानकही आहे. पण पहाटे पाचला एकट्या बाईने तिथे जायचं म्हणजे अंधार किती, माणसं किती, हे आधी पाहावं लागतं. आणि नोव्हेंबर लागला की हवा. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की ती ‘गंभीर’; अशा हवेत जोरजोरात श्वास घेणं म्हणजे औषध म्हणून विष घेणं. २०१७ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने दिल्लीतली नोव्हेंबरातली हाफ मॅरेथॉन पुढे ढकलण्याची मागणी केली होती. शर्यत तरीही झाली. अलीकडे ती ऑक्टोबरात होते.

त्या धुरकट दिवसांत आमच्या गोष्टीला वळण लागलं. मी तक्रार करत बसले की आता दोन महिने चालणं बंद. ती म्हणाली, लेझीम कर. ती अमरावतीची आहे हे मी सांगितलं, पण ती श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावची आहे हे सांगायचं राहिलं. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवायला पथक पाठवणाऱ्या त्या मंडळाच्या उन्हाळी शिबिरांत तिचं बालपण गेलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, आणि तिच्या अंगात लेझीम आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी फक्त तिचं ताट पाहत आले होते. तिच्या दिवाणखान्यात दारं-खिडक्या बंद करून, एअर प्युरिफायर लावून तिने मला शिकवलं. मी दहाव्या मिनिटाला धापा टाकत खाली बसले, ती पंचविसाव्यापर्यंत घाम निथळत नाचत होती. मी बदल्यात सूर्यनमस्कार घातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते घरोघर पोचवले आणि आमच्या जिल्ह्याला त्याचा अजून अभिमान आहे.

ओट्टो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२६ साली वल्हवणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की सोबती थोडा सरस असला की मागे पडणारा एरवीपेक्षा जास्त जोर लावतो. २०१२ साली सायकल चालवणाऱ्या बायकांवर हेच करून पाहिलं, तर पडद्यावरच्या किंचित सरस सोबतिणीमुळे त्या एकटीच्या जवळजवळ दुप्पट वेळ टिकल्या. आपण ‘आधार देणारी’ मैत्रीण म्हटलं की धट्टीकट्टी कोण आणि लंगडी कोण हे आधीच ठरवून टाकतो. आमच्यात ते आठवड्यातून दोनदा उलटतं, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकलं आहे.

एका गोष्टीत मात्र मैत्री पुरत नाही. तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा, ताबा सुटल्यासारखं थोड्या वेळात खूप खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेने एकटीनेच खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, अशी लक्षणं असतील तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन बदलण्याची बोलण्यातून होणारी चिकित्सा यावर चांगली लागू पडते. दिल्लीत एम्सचा मानसोपचार विभाग आहे, दिलशाद गार्डनला इहबास ही मानसोपचारांची संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. पहाटे साडेचारला जागं असलेलं काहीतरी शहरात आहे तर. २०२५ साली मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. भूक ती कमी करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येकांना त्यांचा खरा उपयोग होतो. घरी एकटं वाटणं मात्र ती कमी करत नाहीत. माझी मैत्रीण समुपदेशकाकडे जायला लागली ती मी सांगितलं म्हणून नव्हे. मी वर्षभर सांगत होते, तोवर ती गेली नाही. मी सांगायचं थांबवल्यावर काही महिन्यांनी तिने स्वतःच विचारलं, कुणी माहितीचं आहे का?

माझ्यासाठीही काही गोष्टी ठरवाव्या लागल्या. ती दुःखात असली की तिच्याबरोबर मीही खायचं, हे मी बंद केलं. तिच्याजवळ बसायचं, पण माझ्या ताटात मला हवं तेवढंच. तिच्या ताटाकडे बघायचं नाही, वाचलेल्या बिस्किटांबद्दल शाबासकीही द्यायची नाही, कारण शाबासकी हाही पहाराच असतो. माझं वजन किती उतरलं हे तिला सांगायचं नाही. ती विचारेल तेव्हा खोटंही बोलायचं नाही. पहाडगंजचे छोले-भटुरे महिन्यातून एकदा ठेवले आहेत, आणि त्या दिवशी मी भटुरा पूर्ण खाते. अर्ध्यावर उठत नाही.

आणि साडेचारला मी तिला फोन करते. पहिले काही दिवस तिने उचलला नाही. गेल्या आठवड्यात उचलला. मी बुटाच्या नाड्या बांधत होते, तिकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. वरणभात लावलाय म्हणाली, आईसारखं हिंग जास्त घातलंय. दुसरी शिट्टी होईपर्यंत आम्ही तिच्या साहेबाबद्दल बोललो, तिसरी झाल्यावर तिने गॅस बंद केला. त्यानंतर तिने पुडा उघडला की नाही, मी विचारलं नाही. दिवा चालूच होता, मी खाली उतरले.